ताय चीच्या साधकाचे पहिले शस्त्र कोणते असावे?

बीजिंगमधील तिएनतान उद्यानात, म्हणजे जुन्या स्वर्गमंदिराच्या आवारात, सकाळी गेलेल्या प्रवाशाला एक दृश्य हमखास दिसते. शेकडो वर्षांच्या सायप्रस वृक्षांखाली साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे संथ लयीत ताय चीचा सराव करीत असतात आणि त्यांपैकी अनेकांच्या हाती लाल गोंड्याची सरळ तलवार असते. हे दृश्य इतके सुंदर असते की ताय चीच्या रिकाम्या हाताच्या सरावानंतरची पुढची पायरी म्हणजे तलवारच, असे पाहणाऱ्याच्या मनात पक्के बसते. भारतातही ताय ची शिकणारे बहुतेक जण पहिले शस्त्र म्हणून तलवारच मागतात. ही निवड नेहमीच योग्य ठरते का, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. मनगट आणि खांदा दुखू लागल्यावर तो सुचतो, पण तोवर उशीर झालेला असतो.

ताय ची छुआन ही मुळात युद्धकला आहे. सतराव्या शतकात हेनान प्रांतातील चेनजियागोऊ या खेड्यात चेन वांगतिंग याने तिचा पाया घातला, असे बहुतेक इतिहासकार मानतात. याच गावात चेन चांगशिंग (1771–1853) याच्याकडे शिकलेला यांग लुचान (1799–1872) पुढे बीजिंगला गेला आणि त्याच्या घराण्यातून ही कला चीनभर पसरली. चेन आणि यांग या दोन्ही घराण्यांच्या शिक्षणक्रमात रिकाम्या हाताच्या सरावाबरोबर शस्त्रांना प्रथमपासून स्थान आहे. ‘ज्येन’ ही सरळ, दुधारी तलवार, ‘दाओ’ हे एका धारेचे वाकडे पाते, तसेच भाला, ही त्यांतील प्रमुख शस्त्रे. चेन घराण्यात त्यांच्या जोडीला काठी आणि लांब दांड्याचे जड ‘क्वानदाओ’ही आहे. युनेस्कोने डिसेंबर 2020 मध्ये ताय ची छुआनचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला, तेव्हा जगभर चर्चा झाली ती प्रामुख्याने आरोग्याची. शस्त्रे त्या चर्चेत मागेच राहिली.

तलवार पहिली का झाली?

याचे उत्तर परंपरेपेक्षा विसाव्या शतकातील सरकारी धोरणात सापडते. चीनच्या क्रीडा आयोगाने 1956 मध्ये यांग शैलीवर आधारलेला 24 हालचालींचा सुटसुटीत क्रम तयार करविला. सामान्य नागरिकाला थोड्या काळात शिकता यावा, हा त्यामागील हेतू. लगेच पुढच्या वर्षी, 1957 मध्ये, त्याला जोड म्हणून 32 हालचालींचा तलवारीचा क्रम सिद्ध झाला. आठ-आठ हालचालींचे चार भाग आणि अवघ्या तीन-चार मिनिटांत पूर्ण होणारा आवाका, यामुळे तो शाळा, महाविद्यालये आणि उद्याने यांत झपाट्याने रुजला. आज जगातील असंख्य वर्गांत 24 नंतर 32 हा क्रम ठरल्यासारखा आहे. म्हणजे तलवारीला पहिला मान मिळाला तो ती सोपी आहे म्हणून नव्हे, तर तिचा आटोपशीर अभ्यासक्रम सर्वांत आधी तयार झाला म्हणून.

चिनी युद्धकलांच्या जुन्या लोकोक्ती नेमके उलटे सांगतात. दाओला शंभर दिवस, भाल्याला हजार दिवस आणि ज्येनला दहा हजार दिवस, अशा अर्थाची म्हण तेथे प्रचलित आहे. (दहा हजार दिवस म्हणजे सत्तावीस वर्षांहून अधिक!) हे आकडे शब्दशः घ्यायचे नाहीत आणि म्हणीतील क्रमही ठिकठिकाणी बदलतो. कोठे भाल्याला आयुष्यभराची साधना म्हटले जाते. मात्र अशा म्हणींत दाओ आधी आणि ज्येन नंतर, हे सहसा बदलत नाही.

ज्येन अवघड का?

ज्येनचे पाते सरळ, अरुंद आणि दोन्ही बाजूंनी धारेचे असते. तिला पाठ नसते, त्यामुळे दुसऱ्या हाताचा आधार पात्याला देता येत नाही. मोकळ्या हाताची तर्जनी आणि मध्यमा ताठ जोडून ‘तलवारीची बोटे’ ही मुद्रा धरावी लागते आणि हा हात उजव्या हाताचा तोल सांभाळतो. मूठ घट्ट आवळायची नसते. अंगठा, मध्यमा आणि अनामिका यांच्या कड्यात ती खेळती ठेवायची आणि उरलेल्या दोन बोटांनी प्रसंगानुसार दिशा द्यायची. ‘दियान’ या क्रियेत मनगट वर उचलले जाते आणि टोक खाली टिपल्यासारखे पडते. ‘त्स’ म्हणजे भोसकण्याच्या क्रियेत खांदा, कोपर, मनगट आणि टोक एका रेषेत यावे लागतात. ही सर्व सूक्ष्म कामे मनगटाची आहेत आणि नवशिक्याचे मनगट अद्याप त्यासाठी तयार झालेले नसते.

यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. खांदा आखडलेला असेल, कंबर वळली नसेल किंवा वजन चुकीच्या पायावर असेल, तरी ज्येनमध्ये दिसते एकच गोष्ट: टोक थरथरते. काहीतरी चुकले आहे एवढे तलवार सांगते. कोठे चुकले आहे ते सांगत नाही. अनुभवी साधक टोकाच्या थरथरीवरून मूळ दोषापर्यंत पोहोचतो. नवशिका मात्र मूठ अधिक आवळून टोक स्थिर करू पाहतो आणि दोष पक्का होतो. अंगठ्याच्या बाजूचे स्नायुबंध आणि कोपराची बाहेरची बाजू दुखावण्याची सुरुवात अनेकदा येथूनच होते.

दाओ काय शिकवते?

दाओ या शस्त्राकडे पाहिले की त्यात लष्करी छावणीचा वास येतो. ज्येनला चीनमध्ये शस्त्रांमधील सज्जन म्हणतात. विद्वानाच्या कंबरेला शोभणारे ते शस्त्र. दाओ हे शिपायाचे. कदाचित म्हणूनच शहरी साधकाला ते कमी मोहात पाडते. परंतु शिकवण्याचे साधन म्हणून त्याची योग्यता मोठी आहे.

दाओच्या पात्याला एकच धार असते आणि पाठ जाड, बोथट असते. डावा तळहात या पाठीवर टेकवता येतो किंवा उजव्या मनगटाला आधार देता येतो. म्हणजे दोन्ही हात एकत्र काम करतात आणि एकट्या मनगटावर भार येत नाही. दाओची मूलभूत क्रिया म्हणजे पाते डोक्याभोवती गुंडाळल्यासारखे फिरवणे. या फेऱ्यात पात्याची पाठ खांद्यावरून आणि पाठीच्या कण्याजवळून सरकते. खांदा उचललेला असेल तर पाते खांद्याला अडते. कंबर न वळवता नुसता हात फिरवला तर पाते पाठीपासून दूर भरकटते. मान पुढे काढली तर तिलाच टेकते. चूक जेथे असेल तेथे शस्त्र स्पर्श करून दाखवते. शिक्षक आठवड्यातून एकदाच भेटतो, उरलेले सहा दिवस साधक एकटा असतो. अशा वेळी स्वतः चूक दाखवणाऱ्या शस्त्राचे मोल वेगळे सांगायला नको.

चेन शैलीतील दाओचा प्रचलित क्रम 23 हालचालींचा आहे, तर त्याच शैलीतील ज्येनचा 49 हालचालींचा. या लांबीतच दोहोंमधील अंतर दिसते. यांग शैलीतील दाओचा क्रमही छोटा आणि जोमदार असून तो तेरा या आकड्याशी जोडला जातो.

दाओवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. अंगात बळ असलेला तरुण दाओ हाती आली की हाताच्या ताकदीने ती फिरवू लागतो आणि ताय चीची मुख्य शिकवण, म्हणजे शक्ती पायातून उगवावी, कंबरेने वळवावी आणि हाताने केवळ पोहोचवावी, ती बाजूला पडते. यावर उपाय वजन बेताचे ठेवणे आणि पहिले काही महिने मुद्दाम संथ सराव करणे हाच. तरीही ज्येनमधील लपलेला दोष आणि दाओमधील उघडा दोष यांत निवड करायची झाल्यास उघडा दोष बरा, कारण तो सुधारता येतो.

अर्थात, शिक्षकाला फक्त ज्येनच येत असेल तर ज्येनच घ्यावी. शस्त्र योग्य आणि शिक्षक नाही, यापेक्षा शस्त्र अवघड आणि शिक्षक समोर, ही स्थिती शतपटीने चांगली. स्पर्धेत उतरू इच्छिणाऱ्यालाही फारसा पर्याय नाही. 1990 च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धांपासून वुशूचा त्या स्पर्धांत समावेश आहे आणि अलीकडच्या स्पर्धांत ताय ची छुआन व ताय चीची तलवार यांचे गुण एकत्र धरून पदके दिली गेली आहेत. तेथे लागणारे शस्त्र ज्येन हेच.

काठी आणि भाला

मराठी वाचकाला काठीचे महत्त्व नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांच्या आखाड्यांत पट्टा हाती येण्याआधी लाठी फिरवावी लागते. ताय चीतही हा मार्ग आहे, फक्त त्याची वाट थोडी निराळी. चिनी काठी व भाल्याचा दांडा परंपरेने ‘पायला’ नावाच्या लाकडाचा असतो. अॅश वृक्षाच्या कुळातील या झाडाचा सोट बुडाशी जाड आणि शेंड्याकडे निमुळता असतो आणि कमालीचा लवचीक असतो. चेन शैलीत तीन मीटर किंवा त्याहूनही लांब दांडा दोन्ही हातांनी धरून केवळ तीन क्रियांचा सराव होतो: बाहेरच्या दिशेने वर्तुळ, आतल्या दिशेने वर्तुळ आणि सरळ फेक. कंबरेतून निघालेला झटका बरोबर असेल तर दांड्याचे टोक थरथरून उठते; नुसत्या दंडाने ढकलल्यास दांडा मेल्यासारखा पडून राहतो.

एवढा लांब दांडा शहरातील घरात ठेवायचा कोठे, हा प्रश्न उरतोच. नवशिक्याला भुवईच्या उंचीची काठी पुरेशी आहे आणि चीनमध्ये त्या उंचीच्या काठीला तसेच नावही आहे. आपल्याकडे वेताची काठी यासाठी सर्वांत जवळची. बांबू हलका आणि स्वस्त, परंतु ताठ असल्याने दांड्याची लवचीक जाणीव त्यात येत नाही आणि चिरला तर त्याची कड हात कापते. काठीला दोन्ही हात सारखे लागतात, त्यामुळे मनगटाचा किंवा कोपराचा जुना त्रास असलेल्यांना तसेच जवळपास शिक्षक नसलेल्यांना पहिले शस्त्र म्हणून काठीच सुचवावी लागेल. संधिवात असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे इष्ट.

वजनापेक्षा तोल महत्त्वाचा

खरेदी करताना बहुतेक जण शस्त्र हातात घेऊन ‘जड आहे’ किंवा ‘हलके आहे’ एवढेच पाहतात. प्रत्यक्षात मनगटावर येणारा ताण वजनाइतकाच गुरुत्वमध्याच्या अंतरावर अवलंबून असतो. मुठीच्या पुढे जी आडपट्टी असते, तिच्यापुढे पाते एका बोटावर आडवे तोलून पाहावे. जेथे ते स्थिर राहील तो तोलबिंदू. चांगल्या ज्येनमध्ये तो आडपट्टीपासून साधारण 10 ते 15 सेंटिमीटरवर असतो. समजा, एक तलवार 600 ग्रॅमची आहे आणि तिचा तोलबिंदू 20 सेंटिमीटरवर आहे. दुसरी 800 ग्रॅमची, पण तोलबिंदू 12 सेंटिमीटरवर. वजन आणि अंतर यांचा गुणाकार पहिल्या तलवारीत 12,000 येतो, दुसरीत 9,600. म्हणजे काट्यावर जड असलेली तलवार हातात हलकी वाटेल. मुठीच्या मागच्या टोकाला जो गोळा असतो तो शोभेचा नसून हा तोल मागे आणण्यासाठी असतो. दाओचा तोल तिच्या रुंद पात्यामुळे थोडा पुढेच असायचा. ती तिची प्रकृती आहे.

लांबीसाठी जुनी सोपी कसोटी आहे. डाव्या हातात शस्त्र उलटे धरून हात सरळ खाली सोडावा आणि पाते दंडामागे उभे ठेवावे. टोक कानाच्या वरच्या कडेपर्यंत यावे. आंतरराष्ट्रीय वुशू स्पर्धांच्या नियमावलीतही हीच कसोटी स्वीकारली गेली. त्या नियमावलीत प्रौढ पुरुषांसाठी ज्येनचे किमान वजन 600 ग्रॅम आणि महिलांसाठी 500 ग्रॅम, तर दाओचे अनुक्रमे 700 आणि 600 ग्रॅम असे आकडे दीर्घकाळ होते. हे आकडे स्पर्धकांसाठी आहेत. घरी सराव करणाऱ्या साठीतील गृहस्थाने ते लक्ष्य म्हणून डोळ्यापुढे ठेवण्याचे कारण नाही.

पहिले शस्त्र लाकडी असणे सर्वांत सोयीचे. ते चांगल्या सुताराकडूनही करून घेता येते. मात्र फळी नुसती तलवारीच्या आकारात कापून दिल्यास टोक जड राहते. पाते टोकाकडे रंधा मारून पातळ करून घ्यावे, म्हणजे तोल मुठीकडे सरकतो. गाठ असलेले लाकूड टाळावे आणि धारेच्या कडा गोल घासून घ्याव्यात. पत्र्याची, फडफड आवाज करणारी पाती प्रात्यक्षिकाला आकर्षक दिसतात, परंतु त्यांना वजनच नसल्याने हाताला काहीच कळत नाही. एकात एक सरकून लहान होणाऱ्या घडीच्या तलवारी प्रवासाला सोयीच्या आहेत एवढेच. झटक्याने त्यांचे भाग निखळू शकतात आणि गर्दीच्या उद्यानात निखळलेला तुकडा कोणाला लागेल हे सांगता येत नाही. चेच्यांग प्रांतातील लोंगछुआन येथील पोलादी तलवारींची कीर्ती मोठी आहे. तेथील तलवार घडवण्याच्या कौशल्याला 2006 मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. पण पहिल्या वर्षी त्या तलवारीची गरज कोणालाच नसते.

लाल गोंड्याविषयी थोडेसे. लांब गोंडा मनगटाभोवती गुंडाळतो आणि नवशिक्याचे अर्धे लक्ष तो सोडवण्यात जाते. काढून ठेवावा. ताय चीचा पंखा अलीकडच्या काळात लोकप्रिय झाला आहे आणि लहान जागेत तो सोयीचाही आहे, पण तो झटक्याने उघडण्याचा ‘फट्’ असा आवाज हेच अनेकांचे ध्येय होऊन बसते.

भारतातील कायदा

शस्त्र अधिनियम, 1959 आणि त्याखालील नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी, खंजीर, भाले यांसारख्या वस्तू धारदार शस्त्रांच्या वर्गात येतात. ज्या क्षेत्रांसाठी सरकारने तशी अधिसूचना काढली आहे, तेथे ती बाळगण्यास परवाना लागतो. कुरियरने मागवलेल्या तलवारी पोलिसांनी जप्त केल्याच्या घटना महाराष्ट्रात अलीकडच्या वर्षांत, विशेषतः 2022 मध्ये, घडल्या आहेत. ‘सरावाची आहे, धार नाही’ हे विक्रेत्याचे म्हणणे साधकाने अंतिम मानू नये. धार लावून वापरता येईल असे पोलादी पाते घेण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यात विचारणा करणे शहाणपणाचे. याच अधिनियमाच्या व्याख्येतून लाठी आणि साधी चालण्याची काठी यांसारख्या केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठीच्या वस्तू, तसेच खेळण्याखेरीज अन्य उपयोग होऊ न शकणाऱ्या वस्तू वगळलेल्या आहेत. लाकडी दाओ आणि काठी यांच्या बाजूने हे आणखी एक कारण.

मात्र महाराष्ट्रात एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 (1) खाली सण, मोर्चे किंवा निवडणुकांच्या काळात जे मनाई आदेश निघतात, त्यांत तलवारी आणि भाल्यांबरोबर लाठ्या-काठ्या सार्वजनिक ठिकाणी नेण्यासही बंदी घालता येते. असा आदेश जारी असलेल्या दिवसांत उद्यानातील शस्त्रसराव बंद ठेवून रिकाम्या हाताचा सराव करावा. इतर दिवशीही लाकडी शस्त्र कापडी पिशवीत घालून न्यावे आणि सरावाला उभे राहताना शस्त्र धरलेला हात पूर्ण लांबवून एकदा स्वतःभोवती फिरवून पाहावा. त्या वर्तुळात कोणी येत असेल, तर जागा बदलावी.